खाचेत बसली म्हणजे चालली असं नाही
जुन्या डेस्कटॉपची डागडुजी : भाग ५

जुन्या डेस्कटॉपची रॅम वाढवायची म्हटलं की दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘किती जीबीची देऊ?’ हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी यायला हवा. आपल्या मशिनमध्ये मेमरीचा कारभार कोण पाहतं आणि त्याला काय काय झेपतं, हे आधी कळलं पाहिजे.

हा कारभार मेमरी कंट्रोलर पाहतो. कोअर टू ड्युओच्या काळातल्या इंटेल मशिनमध्ये तो मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये असे. त्यामुळे जी३१, जी४१ ही चिपसेटची नावं तिथे निर्णायक ठरतात. एएमडीने २००३मध्ये अ‍ॅथलॉन ६४च्या वेळी कंट्रोलर थेट प्रोसेसरमध्ये नेला आणि इंटेलने तेच पाच वर्षांनी पहिल्या कोअर आय७पासून केलं. म्हणून कोअर टू ड्युओ असेल तर चिपसेट पाहा. आय३, आय५ असेल तर आधी प्रोसेसरचं मॉडेल पाहा. दोन्ही गोष्टी सीपीयू-झेड हा फुकट प्रोग्रॅम सांगतो. कुठल्या स्लॉटमध्ये कुठली रॅम बसली आहे, तेही त्याच्या ‘एसपीडी’ या पानावर दिसतं. कॅबिनेट उघडायच्या आधी एवढं पाहून घ्यावं.

रॅमच्या पिढीची चूक सहसा होत नाही, कारण ती होऊ नये अशी सोय तिच्या घडणीतच आहे. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर४ला २८८ पिना. चुकीची रॅम स्लॉटमध्ये बसतच नाही. जोर लावला तर स्लॉट तुटतो, एवढंच. मात्र दुकानात जाताना ‘माझा बोर्ड जी४१ आहे’ एवढंच सांगू नका. या चिपसेटचे बोर्ड डीडीआर२चेही निघाले, डीडीआर३चेही, आणि काहींवर दोन्ही प्रकारचे स्लॉट शेजारी शेजारी होते. अशा बोर्डावर एका वेळी एकच प्रकार चालतो.

खाच पिढी तपासते, त्यापलीकडे काही तपासत नाही. फसगत होते ती नेमकी इथून पुढे.

जी४१चंच उदाहरण घेऊ. डीडीआर३च्या जी४१ बोर्डावर साधारणपणे दोन स्लॉट, प्रत्येकी ४ जीबी, म्हणजे एकूण ८ जीबी चालते, असं बोर्डाचं पुस्तक सांगतं. तुम्ही बाजारातून ४ जीबीची चकचकीत नवी डीडीआर३ आणता, ती खाचेत बरोबर बसते, आणि मशिन एकतर नुसतं बीप करत राहतं किंवा निम्मीच मेमरी दाखवतं. रॅम खराब नसते, बोर्डही नसतो. कारण रॅमवरच्या काळ्या चिपांत आहे. जी४१ आला तेव्हा ४ जीबीची रॅम २ गिगाबिटच्या १६ चिपा लावून बनायची, दोन्ही बाजूंना आठ-आठ. पुढे ४ गिगाबिटच्या चिपा आल्या आणि तीच ४ जीबी आठ चिपांत, एकाच बाजूला मावू लागली. पण चिपेतल्या कप्प्यांची संख्या दुप्पट झाली, की त्यांच्यापर्यंत पोचायला पत्त्याची एक तार जास्त लागते. २ गिगाबिटच्या चिपेला ओळींसाठी अशा १५ तारा पुरतात, ४ गिगाबिटच्या चिपेला १६ लागतात. जी४१ची झेप २ गिगाबिटपर्यंतच आहे. सोळावी तार त्याच्या हिशेबातच नाही, आणि बायोस कितीही अपडेट केला तरी ती उगवणार नाही.

म्हणून अशा बोर्डासाठी ४ जीबीची रॅम घेताना ती हातात धरून चिपा मोजाव्यात. सोळा असतील तर घ्या. दुकानदार ‘सगळं एकच असतं हो’ म्हणाला तरी मोजा. अशा वेळी जुनी, वापरलेली रॅम नव्यापेक्षा चांगली ठरते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ती शोधावी लागेल, पण बदलून देण्याची हमी पावतीवर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

चिपा मोजायची सवय आणखी एका ठिकाणी उपयोगी पडते. संख्या ९ किंवा १८ निघाली, तर ती चुका दुरुस्त करणारी ईसीसी रॅम आहे आणि बहुतेक वेळा सर्व्हरमधून उतरवलेली. खाच तीच, पिना तेवढ्याच, आणि भाव मोहात पाडणारा. त्यातली ‘रजिस्टर्ड’ प्रकारची रॅम साध्या डेस्कटॉपमध्ये चालत नाही. लेबलावर वेगाच्या आकड्यानंतर ‘आर’ हे अक्षर असेल तर ती हीच. आपल्याला हवं ते ‘यू’.

लेबल वाचणं अवघड नाही. ‘४जीबी २आरएक्स८ पीसी३-१२८००यू’ असं काहीसं छापलेलं असतं. ‘पीसी३’ म्हणजे डीडीआर३. १२८०० हा आकडा सेकंदाला किती मेगाबाइट जाऊ शकतात त्याचा. एका वेळी ८ बाइट जातात, म्हणून आठाने भागलं की १६०० हा ओळखीचा वेग निघतो. १०६०० म्हणजे तसाच, जवळपास १३३३. ‘२आर’ म्हणजे चिपांचे दोन गट आणि ‘एक्स८’ म्हणजे प्रत्येक चिप एका वेळी ८ बिट देते. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून जी स्वस्त डीडीआर३ विकली जाते, तिच्यात बहुधा ‘एक्स४’ चिपा असतात. एएमडीचे त्या काळचे कंट्रोलर त्या चालवून घेतात, इंटेलचे डेस्कटॉप कंट्रोलर घेत नाहीत. विक्रेता खोटं बोलत नाही, पण ती अट जाहिरातीत बारीक अक्षरांत असते.

आता सगळ्यात जास्त भेटणारं जुनं मशिन. २०११च्या सुमाराचा एच६१ बोर्ड, आय३-२१०० प्रोसेसर आणि २ जीबीची एकच रॅम. इथे गोष्टी सोप्या आहेत. दोन स्लॉट, प्रत्येकी ८ जीबीपर्यंत. ४ गिगाबिटच्या चिपाही चालतात. हा प्रोसेसर १३३३च्या वर जात नाही, म्हणून १६०० वेगाची रॅम लावली तर ती १३३३ने चालेल. बिघडत काही नाही. बाजारात १६०० सहज मिळत असेल तर तीच घ्या. माझं मत विचाराल तर ४ जीबीच्या दोन घ्याव्यात आणि जुनी २ जीबीची काढून ठेवावी. दोन स्लॉटमध्ये सारखी रॅम असली की कंट्रोलरच्या दोन्ही वाटांनी एकदम माहिती ये-जा करते. रॅममधूनच वाटा उचलणाऱ्या ऑनबोर्ड ग्राफिक्सला त्याचा चांगला फायदा होतो. १६ जीबी करण्यात मला अर्थ वाटत नाही. विंडोज ११च्या अटींत हा प्रोसेसर बसत नाही आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. हे मशिन पुढे लिनक्सवर चालवायचं असेल तर ८ जीबी ऐसपैस होतात. उरलेल्या पैशांत एसएसडी येईल, आणि तिचा फरक डोळ्यांना जास्त दिसेल.

विंडोजवरच राहणार असाल तर ते ३२ बिटचं आहे का पाहा. या वयाच्या मशिनवर ते बरेचदा असतं. घरगुती ३२ बिट विंडोज ४ जीबीपलीकडे जात नाही, आणि त्यातलाही काही पत्ता-प्रदेश इतर हार्डवेअर अडवून ठेवत असल्यामुळे हाती तीन-साडेतीनच लागतात. आठ जीबी लावून तीनच दिसले की लोक रॅमला दोष देतात.

एक सूचना २०१५नंतरच्या मशिनसाठी. सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरसाठी काही बोर्ड डीडीआर३ स्लॉटचे निघाले, पण तिथे १.३५ व्होल्टची ‘डीडीआर३एल’च लावावी. साधी १.५ व्होल्टची खाचेत बसते, सुरूही होते, पण जास्त व्होल्टेजने प्रोसेसरमधल्या कंट्रोलरला इजा होण्याचा धोका असतो. आणि पुस्तकाएवढे छोटे ऑफिसचे डेस्कटॉप असतात त्यांत बहुधा लॅपटॉपची आखूड रॅम लागते.

लावताना प्लग काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा, आणि क्लिप ‘टक्’ करून बंद होईपर्यंत दोन्ही टोकं सारखी दाबा. बीप आला तर आधी पिना खोडरबराने हलक्या पुसा. गल्लीतला मेकॅनिक करतो तो हा उपाय खराच आहे, कारण पिनांवर बसलेला थर निघून जातो. फक्त भुगा स्लॉटमध्ये पडू देऊ नका.

मशिन सुरू झालं म्हणून लगेच जुनी रॅम विकू नका. मेमटेस्ट८६+ हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरून मशिन सुरू करा आणि चाचणी रात्रभर चालू ठेवा. एकही चूक दिसली तर एकेक रॅम त्याच स्लॉटमध्ये लावून वेगवेगळी तपासा, म्हणजे दोष रॅमचा की स्लॉटचा ते कळेल. रॅमचा निघाला तर पडद्याचा फोटो काढा आणि पावतीसोबत तो घेऊन दुकानात जा.