तेलाचा डाग आणि तुंबलेला ब्रीदर

गाडीखाली सकाळी तेलाचा डाग दिसला की आपण ऑइल सील बदलायला धावतो. महिन्याभरात डाग पुन्हा हजर! आमच्या जुन्या जीपचे सील असे दोनदा बदलून झाले. दोष सीलचा नव्हताच. ब्रीदरची नळी काळ्या मळीने तुंबली होती.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा जळका वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो. तो ब्रीदरवाटे बाहेर पडतो; नव्या गाड्यांत पीसीव्ही व्हॉल्व्हमधून परत इंजिनात ओढला जातो. ही वाट बंद झाली की आत दाब वाढतो आणि तेल सीलमधून, पॅकिंगमधून बाहेर रेटले जाते. बाजारापुरत्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, वाफ आतच राहते आणि तेलाची मळी होते.

तेव्हा आधी इंजिन पुसून कोरडे करावे, थोडी गाडी चालवावी व सर्वांत वरची ओली जागा शोधावी. खालचे तेल बहुधा तिथूनच ओघळलेले असते. डिपस्टिक आपोआप वर सरकत असेल तर दाबाचा संशय घ्यावा. इंजिन थंड असताना नळी काढून डिझेलने धुवावी व वाळवावी. पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवून पाहावा. बहुतेक व्हॉल्व्ह चांगले असले की खडखडतात. वाट मोकळी करूनही तेल भरण्याच्या तोंडातून धुराचे लोट येत असतील, तर रिंगा झिजल्या, मिस्त्रीला गाठावे. तेल तापलेल्या सायलेन्सरवर ठिबकत असेल, तर मात्र गाडी हलवूच नये. ती पेट घेऊ शकते.