तिथी बघून किनारा

इगतपुरीहून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटरवर आहे. तरी आपल्याकडे समुद्राला जायचं ठरलं की गोवा, नाहीतर अलिबाग. नव्याने लग्न झालेल्यांच्या मोबाइलवर इटलीचा अमाल्फी किंवा पोर्तुगालचा अल्गार्व्ह. पालघरचा किनारा कुणाच्या यादीतच नसतो. १८६५ साली रेल्वे थळ घाट चढून इगतपुरीला आली आणि तिने आपल्याला एक सवय लावली: घाट उतरला की कल्याण, मग मुंबई, आणि समुद्र जो काय असेल तो त्यापुढे.

जुनी वाट वेगळी होती. सोपारा बंदरातला माल थळ घाटानेच नाशिककडे चढत असे. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचं पुण्य त्यात नोंदलं आहे आणि त्या नद्यांमध्ये डहाणूच्या नदीचं नाव येतं. शूर्पारक म्हणजे सोपाराही त्यात आहे. जवळजवळ १९०० वर्षांपूर्वी नाशिकच्या डोंगरात कोरून ठेवावा इतका हा किनारा आपला होता.

दक्षिण युरोपातला माणूस किनारा कसा निवडतो, ते पाहण्यासारखं आहे. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी जेमतेम फूटभर. सकाळी जिथे पाणी, संध्याकाळीही तिथेच. त्यामुळे तिथे वेळेचा विचार करावा लागत नाही. विचार करायचा तो वाळूचा, गर्दीचा आणि परवानगीचा. नीसला वाळूच नाही, गोटे आहेत. चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांत धड वाळूचा किनारा एकट्या मोंतेरोस्सोला. मार्सेयजवळच्या सुजितोंला २०२२ पासून उन्हाळ्यात दिवसाला ४०० माणसांनाच सोडतात, तेही आधी नाव नोंदवून. सार्डिनियातल्या ला पेलोसावर १५०० ची मर्यादा आहे. बुदेल्ली बेटावरचा गुलाबी वाळूचा किनारा तर १९९४ पासून लोकांसाठी बंदच आहे. माणसं वाळू उचलून नेत होती.

हे निकष उचलून आपल्याकडे आणले तर फसगत होते. खंबायतच्या आखाताकडे जावं तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो. गोव्यात उधाणाला दोन-सव्वादोन मीटर, मुंबईला पाचच्या आसपास, डहाणूला त्याहून जास्त. किनारा उतरता नसेल तर एवढं पाणी ओसरल्यावर समोर उरतो तो ओला चिखलट पट्टा आणि दूरवर एक पांढरी रेघ. बोर्डीला दुपारी पोचून ‘इथे समुद्रच नाही’ म्हणत परतलेली माणसं मला भेटली आहेत. समुद्र होता, त्यांची वेळ चुकली होती. म्हणून उत्तर कोकणात आधी तिथी निवडावी, किनारा मग.

त्याचा हिशेब किनाऱ्यावरच्या लोकांना तोंडपाठ असतो. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. जे येईल त्या वाजता भरती पूर्ण. भाऊबीज म्हणजे द्वितीया: दोन त्रिक सहा, भागिले चार, दीड. दुपारी दीडला भरती, मग सव्वासहा तास ओहोटी. भाऊबिजेला जेवून निघालेलं कुटुंब पाचला किनाऱ्यावर पोचलं, तर त्याला पाठ फिरवून निघालेलं पाणीच दिसणार. अष्टमीला मात्र आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. संध्याकाळी सहाला पाणी भरतं. शिवाय अमावास्या-पौर्णिमेचं उधाण जोरकस, तर अष्टमीची भांगाची भरती मवाळ. दिवाळीची सुट्टी संपायच्या आत कार्तिक शुद्ध सप्तमी-अष्टमी येते. मुलं बरोबर असतील तर हेच दिवस धरावेत: चार-साडेचारला चढत्या पाण्यात मुलांना सोडावं आणि सूर्य बुडायच्या आत बाहेर काढावं. हिशेब ढोबळ आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. पोचल्यावर एखाद्या कोळ्याला विचारून घ्यावं. ओहोटी लागल्यावर पाण्यात उतरू नये, हे मात्र ढोबळ नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. पोहता येणं हा समुद्रात पुरेसा भरवसा नव्हे.

पालघरच्या किनाऱ्याची वाळू काळसर, राखाडी. फोटोत ती तारकर्लीसारखी चमकत नाही, म्हणून लोक नाक मुरडतात. सिंधुदुर्गात बेसाल्ट संपून जुने, गारगोटी असलेले खडक लागतात. तिथली वाळू त्यांची, म्हणून पांढरी. पालघरच्या नद्या सह्याद्रीचा काळा दगड झिजवत येतात. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते, आपल्या इगतपुरी तालुक्यात धरणात अडते आणि अर्नाळा नि दातिवरे यांच्या मधून समुद्राला मिळते. ती काळी वाळू म्हणजे आपलाच डोंगर आहे. घाण समजून ती झटकणाऱ्यांना मला हे सांगावंसं वाटतं.

आता जागा. मला विचाराल तर पहिल्यांदा केळवे. पश्चिम रेल्वेचं केळवे रोड स्टेशन, तिथून रिक्षा. रस्त्याने जायचं तर कसाऱ्याहून विहीगाव, खोडाळा, जव्हार, विक्रमगड, मनोर, पालघर. वळणं भरपूर, पण पावसाळा सरल्यावर या रस्त्यासारखा रस्ता नाही. केळव्याला किनाऱ्यालगत सुरूची दाट बाग आहे, शितलादेवीचं देऊळ आहे, आणि पाण्यात उभा असलेला छोटा किल्ला आहे. ओहोटीत लोक त्याच्याकडे चालत जातात. परतीची वेळ आधी काढून ठेवल्याशिवाय जाऊ नये. सुरूच्या सावलीत चटई टाकून दुपार काढता येते. ओहोटीची वेळ अशी घालवायला जागा असणं ही किनाऱ्याची मोठी जमेची बाजू, आणि ती केळव्याइतकी दुसरीकडे नाही.

सातपाटीला डुंबायला जाऊ नये. ते पापलेटचं गाव आहे. होड्या लागताना आणि बांबूंवर बोंबील वाळताना बघावेत, बाजार करावा, निघावं. अर्नाळ्याला होडीने बेटावर जाता येतं. तिथला किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, वसई पडायच्या दोन वर्षं आधी.

डहाणू-बोर्डीचं मात्र लांबणीवर टाकू नका. चिकूच्या वाड्या थेट किनाऱ्यापर्यंत आलेल्या. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही आहे. १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाने तो वर्षानुवर्षं सांभाळला. त्याच तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. खर्च ७६ हजार कोटींच्या वर, आणि समुद्रात भराव १४४८ हेक्टरांचा. मच्छीमारांचा विरोध जुना आहे आणि मला तो पटतो, कारण भरावाने प्रवाह वळले की वाळू आणि मासळी दोन्ही जागा बदलतात. बोर्डीला जाल तेव्हा तिथे राहणाऱ्यांच्याच घरी उतरा, त्यांच्याकडचं जेवा आणि संध्याकाळी पाणी चढत असताना त्यांच्याबरोबर किनाऱ्यावर चाला. बंदराबद्दल त्यांना जे सांगायचं आहे, ते तिथेच ऐकायला मिळतं.