नट किती आवळावा? टॉर्क पान्याची निवड व वापर

मुंबई महानगरीचे उत्तरेकडील प्रवेशद्वार म्हणजे दहिसर. अहमदाबादकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग येथूनच शहरात शिरतो. वसई, पालघर, डहाणू या भागांतील भाजीपाला, फुले व चिकू घेऊन येणाऱ्या गाड्या याच वाटेने बाजार गाठतात. दहिसरमध्ये राहून सुट्टीला गावच्या शेतीकडे जाणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. अशा घरची मोटार किंवा पिकअप गाडी निघण्यापूर्वी इमारतीच्या आवारातच तपासली जाते. चाक बदलणे, प्लग साफ करणे, इंजिनातील तेल बदलणे ही कामे घरीच होतात. हा स्वावलंबनाचा परिपाठ स्तुत्य होय. मात्र त्यात एक उणीव सर्रास आढळते, ती ही की, नट आवळला जातो तो मोजून नव्हे, तर अंदाजाने.

मोजणे आवश्यक का?

नट आवळला म्हणजे बोल्ट किंचित ताणला जातो व ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे दोन भाग घट्ट दाबून धरतो. चाक आपल्या जागी राहते ते मुख्यतः या दाबामुळे. दाब अपुरा पडला तर चाक सूक्ष्म प्रमाणात हलू लागते, नट सैल होत जातात आणि भरल्या गाडीचे चाक धावत्या रस्त्यावर निखळण्याचा प्रसंग ओढवतो. उलटपक्षी दाब प्रमाणाबाहेर गेला तर आटे मरतात, स्टड तुटतो, ब्रेकची तबकडी वाकडी होते आणि वाटेत टायर पंक्चर झाल्यास तोच नट सुटता सुटत नाही. आकडा चुकला की दोन्हीकडून धोकाच असतो.

नट आवळणारा पीळ म्हणजे लावलेला जोर गुणिले पान्याची लांबी. ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर ३० किलोग्रॅम जोर लावला तर ९ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे ८८ न्यूटन-मीटर पीळ बसतो. छोट्या मोटारीच्या चाकाचे नट साधारणतः ८० ते ११० न्यूटन-मीटर या मर्यादेत आवळावयाचे असतात. आता त्याच नटाला अर्ध्या मीटरची नळी जोडून ६० किलोग्रॅम वजनाचा माणूस तिच्या टोकावर उभा राहिला, तर पीळ ३० किलोग्रॅम-मीटरवर, म्हणजे तिपटीहून अधिक होतो. ‘पायाने दाबून घट्ट केले’ असे अभिमानाने सांगणाऱ्याने हा हिशेब अवश्य करून पाहावा.

पान्याचे प्रकार

सन १९१८ च्या सुमारास न्यूयॉर्क शहराच्या पाणी खात्यातील कॉनराड बार यांनी नळांचे बोल्ट अति आवळले जाऊ नयेत म्हणून असा पाना बनविला, असे सांगितले जाते. आज त्याचे तीन प्रकार प्रचारात आहेत.

१. काट्याचा पाना : यात दांडा वाकतो व काटा पट्टीवर आकडा दाखवितो. हा स्वस्त, साधा व टिकाऊ असतो. मात्र आकडा समोरून वाचता आला पाहिजे.

२. टक् आवाजाचा पाना : मुठीवर आकडा लावून ठेवला की तेवढा पीळ होताच टक् असा आवाज व हातास झटका येतो. अडचणीच्या जागी व अंधारात हाच सोयीचा.

३. विजेरीचा अंकदर्शक पाना : वाचण्यास सोपा, परंतु महाग, ओलावा व धूळ यांपासून त्यास जपावे लागते.

घरगुती कामास दुसरा प्रकार योग्य. खर्च कमी ठेवावयाचा असल्यास पहिल्यानेही काम भागते.

कोणता पाना घ्यावा?

प्रथम गाडीची माहितीपुस्तिका उघडून लागणारे आकडे लिहून काढावेत. एकाच पान्याने सर्व कामे होत नाहीत. चाकांसाठी अर्धा इंच चौकोनी टोकाचा, सुमारे ४० ते २०० न्यूटन-मीटर मर्यादेचा पाना घ्यावा. प्लग व तेल काढण्याचा बोल्ट यांना पीळ फार कमी लागतो. त्यांसाठी तीन-अष्टमांश इंच टोकाचा छोटा पाना वेगळा असावा. पट्टीच्या अगदी खालच्या पाचव्या हिश्श्यात पाना भरवशाचा नसतो. म्हणून आपला आकडा मर्यादेच्या मध्यभागी येईल असाच पाना निवडावा. चांगल्या पान्यासोबत तपासणीचा दाखला मिळतो व चूक शेकडा ४ पेक्षा अधिक नसते. ट्रॅक्टरच्या मागील चाकांना याहून मोठा पाना लागतो; त्याचा आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा.

वापरण्याची रीत

आटे स्वच्छ व कोरडे असावेत. तेल लागलेला नट त्याच आकड्यावर बोल्टास अधिक ताणतो. नट प्रथम हाताने बसवावेत, नंतर साध्या गोटी पान्याने टेकवावेत. जॅक उतरवून टायर जमिनीला लागल्यावर टॉर्क पान्याने समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत. मूठ मध्यभागी धरून जोर सावकाश द्यावा. एकदा टक् झाले की थांबावे. सुमारे ५० ते १०० किलोमीटर धाव झाल्यावर नट पुन्हा तपासावेत. दहिसरहून निघालेल्या गाडीने मनोरच्या आसपास थांबून हे काम उरकावे.

या पान्याने नट कधीही सोडवू नये व त्यास नळी जोडू नये. काम संपल्यावर टक् आवाजाच्या पान्याचा आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणून तो डबीत ठेवावा.

घरच्या घरी पडताळा

पान्याचे चौकोनी टोक शेगड्यात पकडून दांडा आडवा ठेवावा. टोकापासून ४० सेंटिमीटरवर, मुठीच्या जागी, २० किलोग्रॅम वजन टांगावे. दांड्याचे स्वतःचे वजन धरून पीळ ८० न्यूटन-मीटरच्या किंचित वर येतो. पाना ७० वर लावला असता टक् व्हावे, ९० वर होऊ नये. याहून सूक्ष्म तपासणी वर्षातून एकदा प्रयोगशाळेतून करवून घ्यावी.

प्रत्येक घरी असा पाना असणे शक्य नाही व त्याची आवश्यकताही नाही. गावातील सेवा सोसायटीने किंवा शेतकरी गटाने एक चांगला पाना ठेवावा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याने त्याजवळ गावातील वाहनांच्या आकड्यांचा तक्ता लावावा. दोन मिनिटांच्या या कामावर माल, वाहन आणि त्यात बसलेली घरची माणसे यांची सुखरूपता अवलंबून आहे.