वस्तरा ज्याचा त्याचा, तुरटीही ज्याची त्याची

गेल्या पावसाळ्यात विहारातल्या रविवारच्या तपासणीला एक मुलगा आला. पंचविशीचा, सिक्युरिटी गार्डच्या नोकरीतला. बीपी ठीक, शुगर ठीक, पण गळाभर लाल पुटकुळ्या आणि त्यातल्या दोन-चार पिकलेल्या. दाढी कशाने करतोस म्हणून विचारलं. तीन पात्यांचा रेझर आहे, म्हणाला. त्याचं पुढचं कार्ट्रिज महाग पडतं, म्हणून एकच दोन-दोन महिने चालवतो. ड्युटीवर रोज गुळगुळीत दाढी लागते, नाहीतर सुपरवायझर दारातूनच परत पाठवतो आणि त्या दिवसाचा पगार बुडतो. तोच रेझर धाकटा भाऊही वापरतो, हे त्याने सगळ्यात शेवटी सांगितलं, जणू त्यात काही विशेष नाही.

"ताई, वस्तरा घेऊ का? सलूनवाल्याकडे असतो तसा. एका ब्लेडात दोन दाढ्या होतात म्हणे."

बाईमाणसाला दाढीतलं काय कळतं, असं कुणाला वाटेल. पण वॉर्डात ऑपरेशनच्या आधी पेशंटचे केस काढायचं काम आम्ही नर्सेसनी वर्षानुवर्षं केलं आहे. आणि वडिलांना लकवा झाल्यावर त्यांची दाढी मीच करत होते. पहिल्याच आठवड्यात हनुवटीखाली कापलं. त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू होती, रक्त लवकर थांबेना. नर्स असून ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ते बिचारे म्हणाले, "राहू दे बाय, दाढी वाढली तर काय बिघडतं." ते मला जास्त लागलं.

तसं पाहिलं तर घरात दाढी करणं आपल्या लोकांना नवं नाही. साताऱ्याला असताना आपले केस थोरली बहीण कापायची, असं बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलं आहे. गावात न्हावी नव्हते असं नाही, घरात पैसे नव्हते असंही नाही. अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता. भावांच्या डोक्यांवर हात बसवून बसवून ती बहीण तरबेज झाली. आज शहरात कुठल्याही सलूनच्या खुर्चीत आपण बसतो. प्रश्न आता खिशाचा आहे.

आता त्या मुलाला जे सांगितलं ते सांगते. वस्तरे दोन प्रकारचे. एक जुना, सलग पोलादी पात्याचा. त्याला धार लावायला दगड लागतो, दर दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर घासावा लागतो आणि ते शिकण्यात महिने जातात. वस्तूही स्वस्त नाही. त्याच्या नादी लागू नका. दुसरा म्हणजे हल्ली सलूनमध्ये दिसतो तो, ज्यात अर्धं ब्लेड सरकवतात. सलूनचं सामान विकणाऱ्या दुकानात तो शे-दीडशेच्या आत मिळतो आणि नीट ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो. घेताना उघडझाप करून बघा. सांधा ढिला असेल तर तो घेऊ नका, आणि ब्लेड आत बसल्यावर हलता कामा नये.

त्यात साधं दुधारी ब्लेड लागतं, सेफ्टी रेझरचं. कागदातून न काढताच ते लांबीच्या रेषेवर दुमडून मोडायचं, म्हणजे बोटं वाचतात. महिन्याला सव्वीस दाढ्या धरा. तेरा ब्लेडं झाली. तीन रुपयांचं एक धरलं तर एकोणचाळीस रुपये. सलूनमध्ये पन्नास रुपयांनी सव्वीस दाढ्यांचे तेराशे होतात. सोबत साबण, ब्रश आणि तुरटीचा खडा. फेसाच्या डब्यावर पैसे घालवू नका, दाढीचा गोल साबण कितीतरी दिवस जातो.

आणि खरं सांगायचं तर तेच ब्लेड लावून चालणारा जुना सेफ्टी रेझर शिकायला सोपा आहे. ज्याचा हात कापतो, ज्याला शुगर आहे आणि जखम लवकर भरत नाही, जो हृदयाच्या किंवा लकव्याच्या त्रासानंतर रक्त पातळ करायची गोळी घेतो, त्याने वस्तऱ्याचा विचारच करू नये. रात्रीची उतरली नसेल त्यानेही नाही. या मुलाचे केस कुरळे. तीन पाती एकामागून एक फिरली की असे केस कातडीच्या खालून कापले जातात, मग वाढताना आतच वळतात आणि पुटकुळी येते. एका पात्याने, हलक्या हाताने त्याला फरक पडेल असं मला वाटलं. पण पिकलेल्या पुटकुळ्यांवर वस्तरा फिरवायचा नाही. आधी दवाखान्यात दाखव, चार दिवसांची चिठ्ठी घे आणि ती सुपरवायझरपुढे धर, असं त्याला बजावलं.

शिकायचं ते सुट्टीच्या दिवशी. सकाळी सातला नळाचं पाणी जायची घाई, दारात लहान पोरं, मागून आईची हाक, अशा वेळी वस्तरा हातात नको. आंघोळीनंतर कोमट पाण्याने दाढी दोन-तीन मिनिटं भिजू द्या. ब्रश गोल फिरवून चांगला दाट फेस करा. आरसा उजेडासमोर टांगा. एका हाताने कातडी ताणायची, दुसऱ्या हाताने वस्तरा. तो गालावर आधी आडवा टेकवा, मग त्याची पाठ थोडीशीच उचला. फार उचललात तर पातं कातडीत घुसतं, अगदी सपाट ठेवलंत तर केस ओढले जातात. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, बोटभर लांबीचे छोटे हात मारा. जोर द्यायचा नाही, वस्तऱ्याच्या वजनाने काम होतं. पातं कधीही आडवं सरकवू नका, सगळ्यात वाईट कापतं ते त्यानेच. आणि वस्तरा हातातून निसटला तर निसटू द्या. झेलायला जाऊ नका, पाय मागे घ्या.

पहिले दोन आठवडे फक्त गाल. कल्ल्यापासून जबड्यापर्यंत वस्तरा, बाकी सगळं नेहमीच्या रेझरने. मग जबड्याची कड. गळा त्यानंतर, कारण तिथे केस निरनिराळ्या दिशांना वाढतात. बोट फिरवून दिशा आधी समजून घ्या. हनुवटी आणि मिशीखालची जागा सगळ्यात शेवटी. उलटा हात तर पहिले दोन-तीन महिने मारूच नका. सुलट्या हाताने राहिलेले खुंट सुपरवायझरला चार फुटांवरून दिसत नाहीत.

कापलंच तर स्वच्छ फडक्याने पाच मिनिटं दाबून धरा. मधेच उचलून बघायचं नाही. बारीकसारीक ओरखड्याला ओली तुरटी पुरते, पण तुरटीचा खडा ज्याचा त्याचा वेगळा. तुरटीने रक्त थांबतं, रोगाचा विषाणू मरतोच असं नाही.

इथे मला जास्त बोलायचं आहे. दोन वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या रक्तदान शिबिरात आमच्या वस्तीतल्या एका तरुणाने पहिल्यांदा रक्त दिलं. काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणं आलं. हिपॅटायटिस बी, ज्याला आपल्याकडे काही जण पांढरी कावीळ म्हणतात. घरातल्या सगळ्यांची तपासणी केली, तेव्हा मधला भाऊही निघाला. तिघे भाऊ एकाच रेझरने दाढी करायचे. ब्लेडमुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, तो आजार जन्माच्या वेळी आईकडूनही येतो. पण तिसरा भाऊ तोवर सुटला होता. त्याला त्याच आठवड्यात लस सुरू केली आणि तो रेझर घरातून गेला. हा विषाणू सुकलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो. डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंश त्याला पुरतो. ब्लेड अँटिसेप्टिकच्या पाण्यात बुडवून घेतलं म्हणजे भागलं, असं समजू नका. एकत्र जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने तो पसरत नाही, त्यामुळे घरात कुणाचं ताट वेगळं करायचं नाही. वेगळं करायचं ते ब्लेड.

आजवर घरात एकच रेझर फिरत असेल तर सगळ्यांनी एकदा रक्त तपासून घ्या. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांवर तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मोठ्यांना लसीचे तीन डोस लागतात: पहिला, एका महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. बाळाला पहिला डोस जन्मल्यापासून चोवीस तासांत मिळाला का, हे बाळंतिणीच्या घरच्यांनी विचारून घ्यावं.

सलूनमध्ये जाणाऱ्यांनीही नवं ब्लेड आपल्या डोळ्यांदेखत लावून घ्यावं. कारागिराला राग येत नाही, नीट शब्दांत सांगितलं तर. सगळ्यांच्या गालांवर फिरलेला तुरटीचा खडा मात्र नको म्हणा, आपला खिशात न्या.

वापरलेलं अर्धं ब्लेड कुठे टाकता? कचऱ्याच्या पिशवीत, नाहीतर मोरीत. ती पिशवी हाताने उपसणारे कोण आहेत हे मी वस्तीत सांगायला नको. कॅज्युअल्टीत मी सफाई कामगार बायकांच्या बोटांवर किती पट्ट्या बांधल्या, त्याचा हिशोब नाही, आणि त्यातल्या निम्म्या मला नात्याने हाक मारायच्या. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला एक बारीक चीर पाडा, डबा चिकटपट्टीने बंद करा, ब्लेड त्यातच टाका. पोरांच्या हाताला लागणार नाही असा उंच ठेवा. वर्षभर एकच डबा पुरतो. भरला की वर 'ब्लेड' असं मोठ्या अक्षरांत लिहून घंटागाडीवाल्या दादांच्या हातात वेगळा द्या.

मुलगा दीड महिन्याने परत आला. भावाला वेगळा सेफ्टी रेझर घेतला होता, साठ रुपयांचा. गळा बराच निवळलेला, हनुवटीवर एक बारीक ओरखडा. "मिशीखाली अजून जमत नाही, ताई," म्हणाला. म्हटलं, तिथे अजून महिनाभर भावासारखा सेफ्टी रेझरच चालव, पण स्वतःचा घे, त्याचा मागू नको.