स्लॅबाखालचें घर आणि विजेचें खातें

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांकडे विजेचीं दोन खातीं असतात; एक विहिरीवरील पंपाचें व दुसरें राहत्या घराचें. पहिल्याची काळजी तूर्त हलकी झाली आहे. एप्रिल २०२४ पासून पांच वर्षांकरितां साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचें बिल स्वतः सोसण्याचें राज्य शासनानें ठरविलें. दुसऱ्या खात्याची विचारपूस मात्र कोणी करीत नाहीं. आणि आमच्या मतें शेतकऱ्याच्या गांठीचा पैसा आज जातो तो तेथूनच.

जालना जिल्ह्यांत वैशाखांत पारा चाळिशी ओलांडतो, ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. नवें आहे तें घर. अंबड घ्या, परतूर घ्या, भोकरदन घ्या. माळवदें उतरवून त्या जागीं सिमेंटचे स्लॅब पडले आहेत. माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर आडव्या फळ्या, फळ्यांवर पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंतीही दीड-दोन हात रुंदीच्या. दुपारची आंच ह्या मातींतून खालीं झिरपेपर्यंत सूर्य मावळून जाई. स्लॅब दुपारीं तापतो आणि सारी रात्र ती ऊब निजणाऱ्याच्या अंगावर सोडीत राहतो. मग पंखा येतो, पंख्यानें भागेना म्हणून कूलर येतो, आणि जांवईबापू उन्हाळ्यांत मुक्कामास येणार म्हणून एक दिवस वातानुकूलन यंत्रही भिंतीवर चढतें. आम्हीं स्वतः वडिलार्जित माळवद मोडून स्लॅब घातला, आणि पहिल्याच उन्हाळ्यांत खाटा उचलून अंगणांत आलों, हें कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

तरी माळवदाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. दर मृगापूर्वीं त्यावर माती घालावी लागे, आणि घालूनही तें गळे. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरलेला नाहीं. किल्लारीच्या त्या भूकंपांत दगडमातीच्या भिंती व मातीचीं जड छपरें अंगावर येऊन हजारों माणसें गेलीं. त्यानंतर ज्यानें लोखंडी सळईचें घर बांधिलें त्यास नांवें कोण ठेवील? (सळईही बहुधा जालन्याच्याच भट्टींतली.) प्रश्न इतकाच आहे, कीं स्लॅबाची मजबुती राखून माळवदाचा गारवा कसा मिळवावा.

सरकारच्या कायदेपुस्तकांत ह्याचें उत्तर आहे. ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ सालीं झाला. त्याअन्वयें निघालेल्या ब्युरोनें २००७ सालीं मोठ्या व्यापारी इमारतींसाठीं व २०१८ सालीं राहत्या घरांसाठीं संहिता तयार केली. ह्या दुसरीचें नांव इको निवास संहिता. बाहेर व आंत एका अंशाचा फरक असतां छपराच्या एका चौरस मीटरांतून १.२ वॉटहून अधिक उष्णता आंत येऊं नये, असें ती सांगते. उघड्या स्लॅबांतून ह्याच्या अडीच-तीनपट येते. परंतु ही संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी प्रकल्पांकरितां लिहिलेली आहे. गांवठाणांतील आपल्या चार खणांच्या घरापर्यंत ती पोहोंचत नाहीं. महाराष्ट्र शासनानेंही २०१७ सालीं आपलें ऊर्जा संवर्धन धोरण जाहीर केलें. आमची तक्रार अशी कीं, शहरांतील काचेच्या इमारतीचा जितका विचार झाला त्याच्या चतुर्थांशही खेड्यांतील स्लॅबाचा झाला नाहीं.

शेजारच्या तेलंगणानें ह्या बाबतींत आघाडी घेतली. १९५६ पर्यंत आपण व ते एकाच हैदराबाद राज्यांत होतों, आणि ऊनही दोघांचें सारखेंच. त्या राज्यानें २०२३ सालीं थंड छपराचें धोरण काढून सरकारी व व्यापारी इमारतींस तें सक्तीचें केलें. थंड छप्पर म्हणजे पांढरें छप्पर. ऊन शोषून न घेतां परत फेंकणारें. तयार रंग मिळतो, परंतु कळीच्या चुन्याचे दोन-तीन हातही तेंच काम करितात. चुन्यांत थोडें चिकट द्रव्य मिसळावें, नाहीं तर पहिल्या वळवाबरोबर तो पन्हळींतून वाहून जातो. धूळ बसली कीं गुण कमी होतो, म्हणून दर फाल्गुनांत नवा हात द्यावा. आंतील हवा दोन-चार अंशांनीं उतरते. ज्यांस पुन्हां पुन्हां खटपट नको त्यांनीं विटांच्या तुकड्यांचा कोबा करून वर पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे बसवावे. खर्च एकदांच, पण बराच.

रेशमाचे किडे पाळणाऱ्यांनीं तर हें आधीं करावें. जालन्यास २०१८ सालीं कोषांची बाजारपेठ निघाल्यापासून तुतीची लागवड करणारे पुष्कळ झाले आहेत. किड्यांस २४ ते २८ अंशांची हवा मानवते. आणि आपण त्यांस पत्र्याखालीं कोंडतों!

छप्पर निवल्यावर पंख्याकडे पाहावें. जुना पंखा ७५ वॉट खातो. बीएलडीसी नांवाचा नवा सुमारें ३०. दिवसाचे पंधरा तास धरिले तर एका पंख्यामागें महिन्यास वीस युनिटें वांचतात, तीन पंख्यांमागें साठ. महावितरणाच्या दरपत्रकांत शंभर युनिटांपुढील दर बराच चढा आहे, म्हणून हीं साठ युनिटें महागड्या टप्प्यांतलीं सुटतात. जानेवारी २०२३ पासून पंख्यावर ताऱ्यांची चिठ्ठी सक्तीची आहे. दुकानदार रंग दाखवील. आपण तारे मोजावे.

ह्यानंतर सौर पाट्यांचा विचार करावा, आधीं नव्हे. केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेंत एका किलोवॉटास ३० हजार, दोहोंस ६० हजार व तिहींस ७८ हजार रुपये अनुदान ठेविलें. एक किलोवॉट आपल्याकडे महिन्यास शंभर-सव्वाशें युनिटें देतो. घराची भूक आधीं कमी केली तर तिहींच्या जागीं दोहोंवर भागतें, आणि उरलेला पैसा ठिबकास लागतो. पाट्यांच्या सावलीनें तेवढा स्लॅब निवतो तो वेगळाच.

एक अडचण सांगून ठेवतों. पांढऱ्या गच्चीवर दुपारीं डोळे दिपतात, आणि कुरडया-पापड वाळत घालणाऱ्या घरच्या मंडळींचा चुना पदार्थांस लागतो म्हणून ओरडा होतो. आम्हीं ईशान्येचा एक कोपरा फरशी घालून त्यांस सोडून दिला आहे.