भाग ६ : पायथनची तयार फंक्शन्स आणि पंच्याहत्तर रुपयांची चूक

मागच्या भागात आपण यादी, म्हणजे लिस्ट, कशी बनवायची ते पाहिलं. आज पायथनच्या तयार फंक्शन्सची ओळख करून घेऊ. यांना बिल्ट-इन फंक्शन्स म्हणतात. पायथन इन्स्टॉल केलं की ती सोबतच येतात, वेगळं काही इम्पोर्ट करावं लागत नाही. अशी सुमारे ७० फंक्शन्स आहेत. घाबरू नका, पाठ करायची नाहीत. सुरुवातीला दहा-बारा नीट समजली तरी पुष्कळ काम होतं.

एक सूचना आधीच देते. फंक्शन्सची नावं मी इथे देवनागरीत लिहिते आहे. संगणकावर ती इंग्रजीत, लहान लिपीत टाइप करायची. आपण बनवलेल्या यादीला मात्र ‘वर्गणी’ असं देवनागरी नाव दिलं तरी पायथन ३ ला चालतं.

आता माझीच एक चूक सांगते. मी हैदराबादला राहते. आमचं छोटंसं मराठी मंडळ आहे, दरवर्षी गणपती बसतो. मी तेव्हा पायथन नुकतंच शिकायला लागले होते आणि उत्साहाच्या भरात वर्गणीचा प्रोग्रॅम लिहिला. इनपुट फंक्शनने नाव आणि रक्कम विचारायची, दोन याद्यांत भरायची, आणि शेवटी मॅक्स फंक्शनने सर्वांत मोठी रक्कम शोधून त्यासमोरचं नाव छापायचं. आरतीनंतर मी ते नाव माइकवर वाचलं. टाळ्या वाजल्या. ते नाव होतं कॉलेजसाठी शहरात नवीन आलेल्या एका मुलाचं. कुणीतरी विचारलं, “किती दिले रे?” तो हळूच म्हणाला, “पंच्याहत्तर.” लोक हसले. दुसऱ्या दिवशी तो आरतीला आला नाही.

काय झालं होतं ते पाहू. समजा यादीत पाच रकमा आहेत : ५०१, ११०१, २५१, ७५ आणि २००१. सर्वांत मोठी २००१, हे लहान मूलही सांगेल. पण माझ्या यादीत या संख्या नव्हत्याच, तो मजकूर होता. इनपुट फंक्शन तुम्ही काहीही टाइप केलं तरी मजकूरच परत देतं, म्हणजे स्ट्रिंग. आणि मजकुराची तुलना शब्दकोशासारखी होते : आधी पहिलं अक्षर, ते सारखं असेल तर दुसरं. ‘७५’चं पहिलं अक्षर ७, ‘२००१’चं २. सात मोठा, म्हणून ‘७५’ मोठं. याच यादीवर मिन फंक्शन चालवलं तर सर्वांत लहान रक्कम म्हणून ‘११०१’ मिळते!

मॅक्सने चूक केली का? नाही. त्याला संख्यांची यादी चालते तशी मजकुराचीही चालते. मी जे दिलं, त्याचं त्याने अचूक उत्तर दिलं. गंमत म्हणजे हीच यादी सम फंक्शनला दिली असती तर त्याने लगेच टाइप एरर दाखवली असती. कारण सम शून्यापासून बेरीज सुरू करतं, आणि शून्यात मजकूर मिळवता येत नाही. पण बेरीज आमचे खजिनदार काका वहीत करत होते, म्हणून मी सम वापरलंच नाही. एरर दिसली की नवशिक्यांना वाईट वाटतं. खरं तर एरर देणारं फंक्शन आपल्याला सावध करतं. गुपचूप चुकीचं उत्तर मिळतं, तेव्हा जास्त जपायला हवं.

उपाय एका शब्दाचा : इंट. इनपुटमधून आलेला मजकूर इंट फंक्शनमध्ये घातला की पूर्णांक मिळतो. इंटला कोणी देवनागरीत ‘११०१’ टाइप केलेलंही समजतं. पण ‘१,१०१’ असा स्वल्पविराम टाकला तर ते व्हॅल्यू एरर देतं. शंका आली तर टाइप फंक्शन वापरा. हातात मजकूर आहे की संख्या, ते लगेच सांगतं.

तेव्हापासून मी प्रत्येक नव्या फंक्शनला तीन प्रश्न विचारते.

पहिला : हे काय घेतं? लेन हे फंक्शन यादी घेतं आणि त्यात किती गोष्टी आहेत ते सांगतं. मजकूर दिला तर त्याची लांबी सांगतं. पण नुसती संख्या दिली तर एरर येते.

दुसरा : हे काय परत देतं? इनपुट मजकूर देतं, इंट पूर्णांक देतं. राउंड हे फंक्शन २.५ दिल्यावर ३ नव्हे, २ देतं; कारण संख्या बरोबर मध्यावर असेल तर ते जवळच्या सम संख्येकडे जातं. ३.५ दिल्यावर ४ मिळतात.

तिसरा : हे मूळ वस्तू बदलतं का? सॉर्टेड फंक्शन क्रमाने लावलेली नवी यादी देतं, जुनी तशीच राहते. यादीची स्वतःची सॉर्ट नावाची मेथड मात्र मूळ यादीच बदलते आणि परत काहीच देत नाही, म्हणजे नन देते. नवशिके या दोघांत हमखास गोंधळतात.

आणखी एक पथ्य पाळा. स्वतःच्या व्हेरिएबलला सम, मॅक्स, लिस्ट अशी नावं देऊ नका. पायथन अडवत नाही, पण मग तुमचं नाव तयार फंक्शनला झाकून टाकतं. सम या नावात शून्य ठेवलंत, की पुढे सम वापरून बेरीज होणार नाही, एरर येईल. सरळ ‘बेरीज’ किंवा ‘एकूण’ असं नाव ठेवा.

आता वाचन थांबवा आणि वरच्या पाच रकमा आधी मजकूर म्हणून, मग संख्या म्हणून यादीत भरा. दोन्ही याद्यांवर मॅक्स, मिन, सॉर्टेड आणि सम चालवा. संख्यांची बेरीज ३९२९ यायला हवी. अडलात तर हेल्प फंक्शनच्या कंसात हव्या त्या फंक्शनचं नाव लिहा, माहिती समोर येईल.

त्या मुलाकडे मी नंतर जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, “ताई, प्रोग्रॅम दाखवा ना.” दोघांनी बसून इंट घातलं आणि उत्तर २००१ आलं. मग मी वहीशी ताडून पाहिलं. तुम्हीही ही सवय लावा : चार-पाच रकमांवर उत्तर आधी हाताने काढा, मग पायथनचं पाहा. माइक त्यानंतर हातात घ्या.

पुढच्या भागात आपण स्वतःचं फंक्शन लिहायला शिकू.