मुका साक्षीदार : महाश्वेतादेवींचा टेरोडॅक्टिल

भारतीय कथेतील प्राणी बोलत आले ते बहुधा माणसाच्याच वतीने. पंचतंत्रातील सिंह-कोल्हे ही राजनीतीची पात्रे होत. त्यांचे अरण्य म्हणजे दरबारच. परंतु अरण्याचा नाश हाच कथेचा विषय होतो, तेव्हा हे रूपक अपुरे पडते. मुखवटा म्हणून आलेल्या प्राण्याच्या मरणाचे दुःख अखेर माणसापाशीच थांबते.

ही अडचण ओलांडण्याचा विलक्षण प्रयत्न महाश्वेतादेवींच्या ‘टेरोडॅक्टिल, पूरणसहाय ओ पिरथा’ या बंगाली दीर्घकथेत आढळतो. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांचा तिचा इंग्रजी अनुवाद १९९५ साली ‘इमॅजिनरी मॅप्स’ या संग्रहात आला. मध्य प्रदेशातील पिरथा हा कल्पित आदिवासी भाग दुष्काळाने ग्रासलेला आहे. जंगल आणि जमीन दोन्ही हातची गेली आहेत. नकाशावर त्याचा आकारही एखाद्या लुप्त जनावरासारखा दिसतो. बिखिया हा मुलगा एका पंखधारी प्राण्याचे चित्र भिंतीवर कोरतो. पुढे तोच प्राणी वार्ताहर पूरण सहाय याच्या आश्रयाला येतो. ज्याचे कूळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नाहीसे झाले, तो हा टेरोडॅक्टिल. आदिवासींच्या लेखी मात्र तो पूर्वजांचा आत्मा होय.

येथे एक आक्षेप संभवतो. लुप्त प्राण्याशी आदिवासींची सांगड घालणे म्हणजे त्यांनाही भूतकाळात लोटणे नव्हे काय? हा धोका खरा आहे. परंतु लेखिकेने तो आदिवासींवर न टाकता पूरणवर उलटवला आहे. हा प्राणी खातो तरी काय, हेच त्या सुशिक्षित माणसाला कळत नाही. तो जे जे पुढे ठेवतो, ते प्राणी नाकारतो आणि मरतो. पूरण व बिखिया त्याला गुहेत पोचवतात. पूरण त्याची बातमी करीत नाही. लुप्त झाली आहे ती समजून घेण्याची आपली शक्ती, असा या घटनाक्रमाचा अर्थ होतो.

म्हणूनच या प्रतीकाचे सामर्थ्य त्याच्या मौनात आहे. टेरोडॅक्टिल म्हणजे निसर्ग, किंवा टेरोडॅक्टिल म्हणजे आदिवासी, असे समीकरण मांडताच कथा पुन्हा दरबारी रूपकाकडे वळते. जंगल तोडणारा त्याची किंमत ठरवतो, तसा समीक्षक मग प्राण्याचा अर्थ ठरवू लागतो. समीक्षकाने आणि अनुवादकानेही हे मौन उलगडून सांगण्याचा मोह आवरला पाहिजे. पूरणने बातमीचा मोह आवरला, तसाच.